तीन झेंड्यांखालचा चितारी

मकाव म्हटले की आज आपल्याला कॅसिनो आठवतात. मांडवीत नांगरलेल्या बोटींकडे बोट दाखवून कुणीतरी हमखास म्हणतोच, "गोव्याचे मकाव करून टाकले!" पण गोवा आणि मकाव यांचे नाते जुगारापेक्षा बरेच जुने आहे. १८४४ सालापर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या सरकारच्या हाताखाली चालत असे. पणजीच्या राजवाड्यातून निघालेला कागद जहाजात बसून महिनोन्महिने प्रवास करी आणि चीनच्या किनाऱ्यावरच्या त्या चिमुकल्या गावात जाऊन लागू होई. त्या मकावात जवळजवळ २७ वर्षे राहिलेल्या एका परदेशी चित्रकाराविषयी आज लिहायचे आहे.

त्याचे नाव जॉर्ज चिनरी. तो जन्माने इंग्रज. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो बोटीत बसून पूर्वेकडे आला आणि पुढची ५० वर्षे इकडेच राहिला. मायदेशी परत गेलाच नाही. पोटासाठी माणसांचे चेहरे रंगवणे हा त्याचा धंदा.

आपल्याकडे चितारी म्हणजे लाकडी पाट, पाळणे, खेळणी यांवर लाखेचे रंग चढवणारा कारागीर. चिनरी कॅनव्हासवर साहेबांचे चेहरे रंगवी. पण धंदा म्हणून पाहिले तर फरक थोडाच. गिऱ्हाईक यायचे, आकार ठरायचा, दर ठरायचा. नुसते डोके आणि खांदे असतील तर एक दर, कमरेपर्यंत हवे असेल तर जास्त, पायापर्यंत उभे चित्र हवे असेल तर त्याहून जास्त. हस्तिदंताच्या तुकड्यावर तळहातात मावेल एवढे चित्र हवे असेल तर तेही मिळे. ते पत्राबरोबर विलायतेला पाठवणे सोपे. फोटोचा कॅमेरा अजून यायचा होता. हजारो मैलांवरच्या आईला, बायकोला, वाग्दत्त वधूला आपला चेहरा दाखवायचा तर चित्रकाराशिवाय इलाज नव्हता. म्हणून त्या काळात बरेच चित्रकार नशीब काढायला हिंदुस्थानात आले. टिली केटल १७६९ साली मद्रासेत उतरला. योहान झोफनी कलकत्ता आणि लखनौला गेला. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत पुण्याला येऊन सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे काढणारा जेम्स वेल्स आपल्या वाचकांना माहीत असेलच. चिनरी याच रांगेतला, पण रांगेत सर्वांत जास्त काळ टिकलेला.

त्याचा जन्म लंडनमध्ये ५ जानेवारी १७७४ रोजी झाला. वडील अक्षरलेखन शिकवणारे मास्तर, हौसेने चित्रेही काढीत. १७९२ साली मुलगा रॉयल अकादमीच्या शाळेत दाखल झाला. चार वर्षांनी तो डब्लिनला गेला, ज्या घरात भाडेकरू म्हणून राहिला त्या घरमालकाच्या मुलीशी, मारियान व्हीनशी, १७९९ साली त्याने लग्न केले. दोन मुले झाली, एक मुलगी आणि एक मुलगा. इथवर गोष्ट चारचौघांसारखी आहे. पण १८०२ साली कंपनी सरकारची परवानगी मिळवून तो मद्रासला निघाला तेव्हा बायकोमुले बरोबर नव्हती. मद्रासला त्याचा भाऊ व्यापारात होता, त्याच्या ओळखीवर कामे मिळतील असा हिशेब. डिसेंबर १८०२ मध्ये तो मद्रासला पोचला. पुढे कित्येक वर्षे त्याने बायकोचे तोंड पाहिले नाही.

मद्रासच्या दिवसांतले त्याचे एकच चित्र राहिले असते तरी त्याचे नाव राहिले असते. ते १८०५ सालचे. हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने खैरुन्निसा या तिथल्या खानदानी मुलीशी लग्न केले होते. त्यांना दोन मुले. मुलाचे नाव साहिब आलम, मुलीचे नूरुन्निसा. मुलगा चार वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची. दोघांना शिक्षणासाठी विलायतेला पाठवायचे ठरले आणि बोटीत चढवण्याआधी मद्रासला चिनरीकडून त्यांचे चित्र काढून घेतले गेले. अंगावर हैदराबादी दरबारी पोशाख, जरीचा जामा, गळ्यात टपोऱ्या मोत्यांच्या माळा, पायात टोक वळलेल्या जोड्या. मुलगा समोर धीटपणे पाहतो. मुलीच्या डोळ्यांखाली मात्र रडून गेल्यासारखी सावली आहे. पोशाखाचे पैसे कुणीही चित्रकार वसूल करून देतो, डोळ्यांखालची ती सावली सगळेच देत नाहीत.

त्याच वर्षी ऑक्टोबरात कर्कपॅट्रिक कलकत्त्याला वारला. मुले विलायतेत वाढली, त्यांची नावे बदलली, धर्म बदलला. आईची आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही. खैरुन्निसा १८१३ साली गेली. नूरुन्निसा आता किटी कर्कपॅट्रिक झाली होती. अनेक वर्षांनी इंग्लंडात एका घरी भिंतीवर ते चित्र तिला अचानक दिसले आणि तिला रडू आवरेना, अशी हकीकत आहे. ते चित्र आता हाँगकाँगला एका बँकेच्या संग्रहात आहे. बँकेचे नाव पुढच्या गोष्टीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, ते योग्य वेळी सांगतो.

१८०७ साली चिनरीला कलकत्त्याचे बोलावणे आले. तिथले सरन्यायाधीश सर हेन्री रसेल यांचे मोठे चित्र काढायचे होते. ते झाले, नाव झाले. पुढची काही वर्षे तो ढाक्याला राहिला. तिथला कलेक्टर चार्ल्स डॉयली हा साहेब हौशी चित्रकार. त्याला चिनरीने शिकवले, आणि दोघांनी मिळून ढाक्याच्या पडक्या मशिदी, पूल, घाट कागदावर उतरवले. १८१२ नंतर तो पुन्हा कलकत्त्याला आला आणि त्या शहरातला पहिल्या नंबरचा चित्रकार झाला. गव्हर्नर, न्यायाधीश, व्यापारी, त्यांच्या बायका, सगळे त्याच्यापुढे बसू लागले.

पैसा भरपूर आला आणि त्याहून भरपूर गेला. घर मोठे, नोकर पुष्कळ, खाणे राजेशाही. (दारू मात्र तो पीत नसे, चहावर भागे. जेवण मात्र अफाट.) त्यात एक वाईट सवय म्हणजे चित्र सुरू करायचे, चेहरा झाला की कंटाळायचे, आणि कपडे, खुर्ची, पडदा तसेच ठेवून पुढच्या चित्राला हात घालायचा. त्याच्या खोलीत अर्धवट कॅनव्हासांचे ढीग लागले. गिऱ्हाईक चित्राची वाट पाहते, सावकार पैशांची वाट पाहतो. सरकारी कचेरीत फायलींचे असे ढीग मी रोज पाहतो. फरक एवढाच की फाईल अडली तरी पगार चुकत नाही, चिनरीचा चुकत होता.

घराण्यातच पैशाचा काहीतरी दोष असावा. त्याचा मोठा भाऊ विल्यम लंडनला सरकारी तिजोरीत वरच्या हुद्द्यावरचा कारकून होता. १८१२ साली त्याने सरकारचे हजारो पौंड गिळल्याचे उघडकीला आले आणि तो देश सोडून स्वीडनला पळाला. धाकट्याने सरकारचे नाही, सावकारांचे थकवले.

१८१८ साली मारियान कलकत्त्याला येऊन थडकली. मुले आधीमागे आली. १८२२ साली मुलगा बंगालमध्येच वारला. आणि त्याच सुमारास चिनरीने कलकत्ता सोडले. गेला कुठे? फार लांब नाही. हुगळी नदीच्या काठाने थोडे वर गेले की सेरामपूर लागते. हे गाव तेव्हा इंग्रजांचे नव्हते, डेन्मार्कचे होते. (१८४५ साली इंग्रजांनी ते विकत घेतले.) कलकत्त्याच्या कोर्टाचा हुकूम तिथे चालत नसे, त्यामुळे कलकत्त्यातले कर्जबाजारी साहेब तिथे जाऊन निवांत राहत. सावकार नदीच्या पलीकडून बघत बसत.

हा प्रकार गोव्याच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आपल्या सीमेने किती जणांना पोटात घेतले आहे! बेळगाव-कारवारकडून हद्द ओलांडून आत आले की इंग्रजांचा पोलीस हात चोळत राही, आणि इथल्या बंडवाल्याला पाखल्यांपासून पळायचे झाले तर घाटापलीकडे इंग्रजी हद्द जवळ होतीच. हद्द ही राज्यकर्त्यांनी स्वतःसाठी आखलेली असते, पण तिचा उपयोग सर्वांत चांगला पळणाऱ्याला कळतो.

सेरामपूरला तीन वर्षे काढून १८२५ साली चिनरीने आणखी लांब उडी मारली. सप्टेंबर १८२५ मध्ये तो मकावला उतरला. इंग्रजी झेंड्याखालून डॅनिश, डॅनिशखालून पोर्तुगीज. तीन झेंडे बदलून तो शेवटी आपल्या सरकारच्या, म्हणजे गोव्याच्या गव्हर्नरच्या, हद्दीत आला.

बायको मागून येईल याची त्याला म्हणे फार धास्ती होती. त्यावरही त्याने तोड काढली होती. मकावहून आत गेले की कँटन बंदर. तिथे परदेशी व्यापाऱ्यांनी फक्त हंगामापुरते राहावे आणि गोऱ्या बायकांनी पाऊलही टाकू नये असा चिनी बादशहाचा नियम होता. बायको येणार अशी आवई उठली की चिनरी कँटनला पळे आणि चिनी सरकारचे आभार मानी. जेवणाच्या टेबलावर हे किस्से तो रंगवून सांगे आणि बायकोच्या रूपाची टिंगल करी. स्वतः तो काही मदनाचा पुतळा नव्हता. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्याने काढलेले स्वतःचे चित्र आहे, त्यात जाड भुवया, पुढे आलेला खालचा ओठ आणि चष्म्यावरून रोखलेली नजर त्याने स्वतःच प्रामाणिकपणे रंगवली आहे. हे किस्से वाचताना एवढे लक्षात ठेवावे की ते सगळे नवऱ्याने सांगितलेले आहेत. दोन मुलांना घेऊन वर्षानुवर्षे एकटी राहिलेली, नवऱ्याचे कर्ज आणि मुलाचा मृत्यू दोन्ही पाहिलेली मारियान जेवणाच्या त्या टेबलावर नव्हती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. एवढ्याशा मकावात या माणसाला २७ वर्षे गिऱ्हाईक कुठून मिळाले?

उत्तर एका शब्दात आहे. अफू.

चीनमध्ये अफूला बंदी होती. इंग्रजांना चहा हवा होता आणि चहाचे पैसे चांदीत मोजायचे नव्हते. तेव्हा हिंदुस्थानची अफू चोरून चीनमध्ये घालायची आणि तिच्या पैशाने चहा घ्यायचा, हा साधा हिशेब. बंगालची अफू कंपनी सरकार स्वतः पिकवून कलकत्त्याला लिलावात विके. दुसरी अफू माळव्याची. म्हणजे इंदूर, उज्जैन, मंदसौर या भागातली, शिंदे-होळकरांच्या मुलखातली. तिच्यावर कंपनीचा ताबा नव्हता. ती आपल्या बंदरातून जाऊ नये म्हणून कंपनीने खूप धडपड केली. मग व्यापाऱ्यांनी काय करावे? माळव्यातून राजपुतान्यात, तिथून वाळवंट ओलांडून सिंधमध्ये कराचीला, आणि कराचीहून समुद्रमार्गे खाली दमणला. दमण कुणाचे? पोर्तुगिजांचे. दमणहून माल जहाजात चढे आणि थेट मकावकडे जाई. मकाव कुणाचे? तेही पोर्तुगिजांचे. निघायचे ठिकाण आणि पोचायचे ठिकाण, दोन्ही एका सरकारच्या छत्राखाली. ते सरकार पणजीत बसत होते.

१८३० च्या सुमारास कंपनीने हार मानली आणि पेटीमागे कर घेऊन माळव्याची अफू मुंबईतून जाऊ द्यायला सुरुवात केली. तरी दमणची वाट एकदम बंद पडली नाही. १८४३ साली इंग्रजांनी सिंध गिळंकृत केला तेव्हा ती बुजली.

या व्यापारात गोव्याची माणसेही होती. मुंबईतले मूळ गोमंतकीय व्यापारी रोजेरिओ द फारिया हे त्यातले मोठे नाव. दमण आणि मकाव यांच्यामधल्या अफूच्या व्यवहारात त्यांचा मोठा हात होता. १८३५ साली गोव्याचे प्रेफेत म्हणून नेमलेले आपले बेर्नार्द पेरीश द सिल्व यांना पदच्युत करून हाकलण्यात आले, तेव्हा त्यांना मुंबईत पैशाचा आधार देणारे हेच फारिया. पहिल्या गोमंतकीय राज्यप्रमुखाची कहाणी आपण अभिमानाने सांगतो. तिच्या खर्चाच्या वहीत अफूचे पान आहे हे सहसा सांगत नाही.

मकावात चिनरीपुढे बसणारे साहेब बहुतेक याच धंद्यातले. विल्यम जार्डिन बसला. कँटनचा बडा चिनी व्यापारी हाउक्वा बसला, जो त्या काळी जगातल्या सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांपैकी एक समजला जाई. मकावला डोळ्यांचा दवाखाना काढणारा डॉक्टर कॉलेज बसला, बायबलचे चिनी भाषांतर करणारा मिशनरी रॉबर्ट मॉरिसन बसला. १८३३ साली हॅरिएट लो नावाची तरुण अमेरिकन मुलगी बसली. तिने मकावच्या चार वर्षांची रोजनिशी लिहून ठेवली आहे. सगळी चित्रे देखणी आहेत. चिनरीची एक लकब होती. नाकपुडीच्या, पापणीच्या, ओठाच्या सावलीत तो शेंदरी रंगाचा हलका हात फिरवी, त्यामुळे चेहऱ्यात रक्त खेळते आहे असे वाटते. जार्डिनचा चेहरा तर सज्जन, करारी, थोडासा थकलेला. या माणसाची जहाजे एका देशाच्या कायद्याला धाब्यावर बसवून विष आणत होती असे त्या चेहऱ्यावर कुठेही लिहिलेले नाही. कसे असेल? पैसे देणाऱ्याचे चित्र होते ते.

१८३९ साली चिनी अधिकारी लिन झेशू याने परदेशी व्यापाऱ्यांकडून २० हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. त्यावरून इंग्रजांनी युद्ध पुकारले, १८४२ साली चीन हरला, हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. व्यापारी मकाव सोडून हाँगकाँगला हलले. १८४६ साली म्हातारा चिनरीही काही महिने तिकडे जाऊन आला, पण रमला नाही, मकावला परतला. कर्कपॅट्रिकच्या मुलांचे चित्र ज्या बँकेकडे आहे असे मघा म्हटले ती हाँगकाँग अँड शांघाय बँक, १८६५ साली याच चीन व्यापाराच्या जोरावर उभी राहिलेली. हैदराबादच्या त्या दोन पोरांचा चेहरा फिरत फिरत शेवटी त्याच पैशाच्या घरी गेला.

मग चिनरीला अफूवाल्यांचा भाट म्हणून सोडून द्यावे का? मला तसे वाटत नाही. त्याचे कारण त्याने पैसे न घेता काढलेली चित्रे.

मकावात तो पहाटे उठून कागद-पेन्सिल घेऊन बाहेर पडे. सांपान होड्यांवर जन्म काढणाऱ्या टांका कोळणी, डोक्याला फडके बांधलेल्या. रस्त्यात बसलेला न्हावी, लोहार, पानाच्या-फळांच्या टोपल्या घेतलेले फेरीवाले, जमिनीवर बसून पैसे लावणारे हमाल, डुकरे, मांजरे, चर्चच्या पायऱ्या. अशी हजारो रेखाटने त्याने केली. यांतल्या एकानेही त्याला दमडी दिली नव्हती. पण हात बघा! साहेबांच्या चित्रात जो हात पडदा रंगवताना कंटाळतो, तोच हात कोळणीने वल्ह्यावर टाकलेला भार दोन रेघांत पकडतो.

या रेखाटनांच्या कडेला बारीक वेडीवाकडी चिन्हे दिसतात. ते इंग्रजी लघुलेखन आहे, गर्नी नावाच्या पद्धतीचे. कुठे सावली नीट करायची, कुठे रंग कोणता, काय बरोबर आले, काय चुकले, अशा स्वतःसाठी लिहिलेल्या टिपणी. आमच्या पिढीच्या कारकुनांनी टायपिंग-शॉर्टहँडचे क्लास केले ते नोकरीसाठी, साहेबाचे बोलणे टिपून घेण्यासाठी. चिनरीने ती विद्या उलटी वापरली. साहेबांची चित्रे काढून झाल्यावर उरलेल्या वेळात, गरिबांच्या चित्रांच्या कडेला, स्वतःचेच बोलणे टिपण्यासाठी.

गोव्याच्या दृष्टीने त्याचे एक रेखाटन फार मोलाचे आहे. मकावच्या टेकडीवर जेझुइटांचे माद्रे द देउस नावाचे मोठे चर्च होते. लोक त्याला सांव पावलू म्हणत. का? तर गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजमुळे जेझुइटांना सगळीकडे पावलिस्त म्हणू लागले होते. गोव्याचे नाव समुद्र ओलांडून मकावच्या टेकडीवर जाऊन बसले ते असे. २६ जानेवारी १८३५ रोजी ते चर्च जळाले, पायऱ्या आणि दर्शनी भिंत एवढीच उरली. आज मकावचे चित्र म्हणून जगभर छापतात ती हीच भिंत. आगीच्या थोडेच आधी चिनरीने ते चर्च काढून ठेवले होते. जुने गोवेत आपल्या सेंट पॉल कॉलेजचीही आता फक्त कमान उरली आहे. आपल्या कमानीमागे काय होते ते पडण्याआधी बसून काढणारा चिनरी तिथे कुणी असता तर किती बरे झाले असते!

मकाव-कँटनमध्ये त्याला एक प्रतिस्पर्धीही निर्माण झाला. लाम-क्वा नावाचा चिनी चित्रकार. युरोपीय पद्धतीने तैलरंगात हुबेहूब चेहरे काढी आणि चिनरीपेक्षा कितीतरी कमी पैसे घेई. तो चिनरीचाच शिष्य असे सगळे म्हणत, चिनरी मात्र रागाने नाकारी. १८३५ साली लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात लाम-क्वाचे चित्र लागले. पुढे कँटनच्या मिशनरी दवाखान्यात डॉक्टर पीटर पार्कर यांच्यासाठी त्याने चिनी रोग्यांची चित्रे काढली. मानेवर, गालावर, हातावर प्रचंड गाठी आलेली गरीब माणसे, पण चेहरे शांत, जणू एखादा शेठच बसला आहे. साहेबांची कला साहेबांच्या हातातून निसटून रोग्यांपर्यंत पोचली ती लाम-क्वामुळे.

आपल्याकडेही ती अशीच निसटली, आणि तिथेही हाच पैसा आहे. १८०५ साली ब्रन्सविक नावाचे जहाज फ्रेंचांनी पकडले. त्यावर डॉक्टर म्हणून होता हाच विल्यम जार्डिन आणि प्रवासी होता मुंबईचा एक तरुण पारशी व्यापारी, जमशेटजी जीजीभॉय. कैदेत दोघांची ओळख झाली आणि जन्मभर टिकली. कापूस आणि अफू यांच्या चीन व्यापारात जमशेटजी अफाट श्रीमंत झाले आणि तेवढ्याच उदारपणे त्यांनी दानधर्म केला. त्यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली. तीच आपली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. आंतोनियु झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) हा गोव्याचा पोर्ट्रेटकार तिथेच शिकला आणि तिथेच शिकवू लागला. साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सोझा तिथे शिकला आणि १९४५ साली तिथून काढलाही गेला. त्रिंदादांची चित्रे पणजीत फुंदासांव ओरिएन्त या संस्थेच्या संग्रहात आहेत. त्यांतल्या बायका, म्हातारे, आयत्या क्षणी सापडलेले चेहरे पाहिले की चिनरीच्या शेंदरी सावल्या आठवतात. त्यांनी चिनरीला गुरू केले असे मला म्हणायचे नाही. दोघांच्या पाठीमागे एकच तिजोरी होती, एवढेच म्हणायचे आहे.

जुने गोवेच्या वस्तुसंग्रहालयात व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग आहे. १५४७ साली जुवांव द काश्त्रो याने ती सुरू करवली. गास्पार कोर्रेय या इतिहासकाराने देखरेख केली आणि प्रत्यक्ष रंगवले ते एका स्थानिक चित्रकाराने. त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. चिलखते, तलवारी, बिरुदे सगळी जागच्या जागी. त्या रांगेसमोरून जाताना आपण दोनपैकी एक करतो. काहीजण वारसा म्हणून हरखतात, काहीजण जुलूम करणारे म्हणून तोंड फिरवतात. मला दोन्ही अपुरे वाटते. चित्र नीट पाहावे, कारण ते काढणाऱ्याचे कसब खरे आहे. आणि त्याच्याशेजारी खर्चाची वहीही उघडून ठेवावी, त्यात आपली पाने असली तरीही. दमणच्या धक्क्यावर चढलेल्या पेट्यांवर पणजीच्या सरकारची मूक संमती होती, आणि नफ्यात आपल्याही माणसांचा वाटा होता. नुकसान मात्र ज्यांचे झाले ती माणसे कँटनच्या गल्ल्यांतली होती, त्यांचे पोर्ट्रेट कुणी मागवले नाही. जी काही थोडी तशी माणसे आपल्याला आज दिसतात ती चिनरीच्या पहाटेच्या कागदांवर आणि लाम-क्वाच्या दवाखान्यातल्या चित्रांत.

चिनरी ३० मे १८५२ रोजी मकावला वारला, वयाच्या ७८व्या वर्षी. तिथल्या जुन्या प्रोटेस्टंट स्मशानभूमीत त्याला पुरले आहे. शेजारीच कामोंईशची बाग आहे. गोव्यात राहून गेलेल्या पोर्तुगीज महाकवीच्या नावाची ती जागा चिनरीनेही कागदावर उतरवली होती. मकावात आज एका रस्त्याला त्याचे नाव आहे. कॅसिनो बघायला जाणाऱ्या गोंयकारांपैकी कुणाला तासभर सवड मिळाली तर सांव पावलूच्या पायऱ्या उतरून त्या बागेपर्यंत चालत जावे. अंतर फार नाही.